पायी कावून?

आमच्या दर्यापूर तालुक्यात चढ म्हणाल तर पाण्याच्या टाकीचा जिना. बाकी सगळं पूर्णाकाठचं सपाट काळं रान. अशा मुलखात राहून मी नेपाळातला अन्नपूर्णा सर्किट हा डोंगरातला पायी ट्रेक करायचं ठरवलं. त्यातली थोरोंग ला खिंड 5,416 मीटरवर आणि आपला चिखलदरा 1,100 च्या आसपास. म्हणजे जवळपास पाच चिखलदरे एकावर एक! त्या उंचीवर एका श्वासात प्राणवायू इथल्या निम्माच मिळतो, म्हणून लोक आधी वाटेतल्या मनांग गावात मुक्काम करून अंगाला सवय लावतात. दर्यापुरात पातळ हवा कुठून आणू? निदान ओझ्याची सवय करावी म्हणून सॅकमध्ये 12 किलो हरभरा भरला.

"नेताच आहात तर गिरणीवरून डाळ करून आणा," बायको म्हणाली.

श्रावणातली आमची माती बुटाला धरली की सोडत नाही. शंभर पावलांत एकेका बुटाची घमेली झाली. बर्फासाठी घेतलेल्या महागड्या काठ्या मी धुऱ्यावर बसून चिखल खरवडायला वापरल्या.

पण चिखल परवडला, माणसं नाही. पहिली मोटरसायकल थांबली.

"पायी कावून भाऊ? गाडी बंद पडली का? बसा मांगं."

"नाही, असाच चालतोय."

"असाच?" त्यानं सॅककडे पाहिलं, आवाज खाली आणला. "घरी काई झालं का?"

तासाभरात तीन मोटरसायकली, एक ऑटो आणि एक ट्रॅक्टर थांबला. ट्रॅक्टरवाल्यानं तर सॅक परस्पर ट्रॉलीत टाकली. ती मी ओढून काढली, तेव्हा त्याचा चेहरा माझ्या डोक्याबद्दल खात्री पटल्यासारखा झाला.

फाट्यावर एक म्हातारी बसली होती. तिनं मात्र काही विचारलं नाही. थेट हात जोडले.

"शेगावले चालला न बाप्पा?"

पाठीवर ओझं घेऊन पायी जाणारा माणूस आमच्याकडे दुसरीकडे जातच नाही. मी थोरोंग ला म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिनं पिशवीतून नारळ काढला. पदराची गाठ सोडून अकरा रुपये मोजले.

"माहे गुडघे गेले आता. माह्या नावानं महाराजाच्या पायाशी ठेवजो."

नारळ धरून घरी आलो. बायकोनं तो देवापुढे ठेवला, कॅलेंडर काढलं.

"नेपाळचं नंतर पाहू. गुरुवारी निघा. आणि आता तरी तो हरभरा काढा."