कुपी आली दारी

वजन उतरवायचं पक्कं ठरवलं असेल, तर सगळ्यात आधी डॉक्टर बदला. अमेरिकेत तुम्ही एडिसनला असा की फ्रीमाँटला, तुमचा नेहमीचा डॉक्टर पित्ताशय, क्रिएटिनिन, आईवडिलांचे आजार असलं काहीबाही विचारत बसतो, आणि त्याची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत मंडळाचा गणपती येऊन जातो. त्यापेक्षा वजन घटवणाऱ्या स्वस्त इंजेक्शनच्या घरपोच कुपीची जाहिरात फोनवर आलेलीच आहे, तिच्यावर बोट दाबा. फॉर्म अगदी सुटसुटीत असतो. त्यात एकच प्रश्न जरा कुजका येईल: घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला होता का? मोठ्या काकूंचं टाटाला ऑपरेशन झालं होतं हे तुम्हाला आठवेल. पण घरात त्याला ‘गळ्याचं’ एवढंच म्हणायचे, आणि ‘गळ्याचं’ असा पर्याय फॉर्मवर नाही. तेव्हा बिनदिक्कत ‘नाही’ ठोका. खऱ्या वेगोव्हीच्या, म्हणजे नोवो नॉर्डिस्क कंपनीच्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनच्या, माहितीपत्रकात हाच इशारा सगळ्यात वर काळ्या चौकटीत छापलेला असतो. घरपोच येणाऱ्या कुपीबरोबर तसं माहितीपत्रक येईलच असं नाही, त्यामुळे तोही ताप वाचतो.

पैशांचं म्हणाल, तर इथे मी तुमच्याच बाजूने आहे. वेगोव्हीची छापील किंमत महिन्याला १,३४९ डॉलर होती. इन्शुरन्सवाले वजनाचं नाव काढलं की कानावर हात ठेवायचे, आणि मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या औषध योजनेतून तर २००३ सालच्या कायद्यानेच वजन घटवण्याची औषधं बाहेर ठेवली. दोन-तीनशे डॉलरला तेच औषध कुपीत मिळतंय म्हटल्यावर माणूस तिकडे वळणारच, त्याला मूर्ख म्हणणाऱ्याने आधी ते बिल भरून दाखवावं. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये नोवो नॉर्डिस्कने रोखीचा भाव ३४९ वर आणला, पण तोवर तुमचं कुपीशी नातं जुळलेलं. इतक्या दिवसांचं नातं काय पन्नास-शंभर डॉलरसाठी तोडायचं?

आता कायद्याचं बघू. अमेरिकेत एखाद्या औषधाचा तुटवडा जाहीर झाला की कंपाउंडिंग फार्मस्यांना, म्हणजे स्वतः औषध मिसळून बनवणाऱ्या दुकानांना, त्याची नक्कल बनवून द्यायची मुभा मिळते. सेमाग्लुटाईडचा, म्हणजे वेगोव्हीतल्या औषधाचा, तुटवडा २०२२ पासून होता आणि एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने तो २१ फेब्रुवारी २०२५ रोजी संपल्याचं जाहीर केलं. राज्याचा परवाना असलेल्या फार्मस्यांना आवरतं घ्यायला २२ एप्रिलपर्यंत मुदत दिली. तुम्ही घाबरू नका. त्यानंतरही एक दार उघडं आहे: रुग्णाची खास, वेगळी गरज असेल तर त्याच्यापुरतं औषध बनवता येतं. म्हणजे २२ एप्रिलपर्यंत तुमचं शरीर चारचौघांसारखं होतं आणि २३ तारखेला सकाळी उठल्यापासून ते जगावेगळं झालं. त्याला आता सेमाग्लुटाईडमध्ये थोडं बी-१२ मिसळल्याशिवाय चालतच नाही. योगायोग म्हणजे शेजारच्या शर्माजींच्या आणि त्यांच्या साडूच्या शरीरालाही त्याच आठवड्यात नेमकं तेच लागू लागलं.

(ज्या पोराला गोळी गिळता येत नाही, ज्याला औषधातल्या रंगाची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी खपून औषध बनवून देणारा फार्मासिस्ट देवमाणूसच. कंपाउंडिंगची मुभा त्याच्यासाठी आहे. पण त्याच्यात पैसा नाही, म्हणून त्याची जाहिरात तुमच्या फोनवर येत नाही.)

कुपी आली की ती फ्रिजमध्ये ठेवा. येताना बर्फाची पिशवी कोमट पाण्याची झालेली असली तर मनाला लावून घेऊ नका. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं हे खरं, पण जुलैमधल्या टेक्ससच्या डिलिव्हरी व्हॅनला ते कोण सांगणार? लेबल वाचायच्या भानगडीतही पडू नका. एफडीएला अशीही लेबलं सापडली आहेत ज्यांच्यावरची फार्मसी अस्तित्वातच नव्हती. नाव वाचलं की शोधावंसं वाटतं, शोधलं की सापडत नाही, मग रात्रीची झोप जाते. आणि लेबलवर ‘सेमाग्लुटाईड सोडियम’ किंवा ‘ॲसिटेट’ असं दिसलं तर? हे क्षार म्हणजे मंजूर औषधातला घटक नव्हे, असं एफडीए कधीची सांगते आहे. पण मीठ चवीपुरतं असतंच की.

लहानपणी डॉक्टरांच्या दवाखान्यात खिडकीपलीकडचा कंपाउंडर गुलाबी औषधाची बाटली द्यायचा, आठवते? तिच्या अंगाला कागदाची कातरलेली पट्टी डिंकाने चिकटवलेली असे. एका खाचेपर्यंत एक डोस. आजी चष्मा न लावताही बरोबर द्यायची. फारच मागासलेला काळ. आता तुमच्या हातात कारखान्यातून मोजून भरलेलं इंजेक्शनचं पेनही नसतं. तुम्हाला मिळते कित्येक डोसांची एक कुपी आणि इन्सुलिनच्या सिरिंजांचं पाकीट. डॉक्टर सांगणार मिलिग्रॅममध्ये, कुपीवर लिहिलेलं मिलिग्रॅम प्रति मिली, आणि सिरिंजवर युनिटच्या रेघा, शंभर युनिटांचा एक मिली. हिशेब तुम्ही करायचा. रात्री साडेदहाला, बाथरूमच्या आरशातल्या दिव्याखाली, एका हातात पोटाची वळी धरून.

अवघड काही नाही. सुरुवातीचा डोस आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे पाव. कुपी मिलीला एक मिलिग्रॅमची असेल तर पंचवीस युनिट ओढायचे. अडीचची असेल तर दहा. पाचची असेल तर पाच. पहिल्या खेपेला एकची कुपी आली आणि हात पंचवीसच्या रेघेवर बसला. दुसऱ्या खेपेला कंपनीने परस्पर फार्मसी बदलली आणि पाचची पाठवली. कुपी तेवढीच, झाकण तसंच, आतलं पाणी तितकंच नितळ. हात सवयीने पंचवीसवर जातो आणि पोटात जातं सव्वा मिलिग्रॅम, ठरल्याच्या पाचपट. ज्यांच्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, औटकी तोंडपाठ होती त्यांनी याला घाबरावं हे बरं दिसत नाही.

सोबतीला मंडळीही चांगली आहे. जुलै २०२४ मध्ये एफडीएने याच गोंधळावर इशारा काढला, तेव्हा काही रुग्ण पाच ते वीसपट डोस टोचून बसले होते. एका ठिकाणी तर ०.२५ मिलिग्रॅमसाठी पाच युनिट द्यायचे ते लिहून देणाऱ्यानेच पंचवीस लिहिले. आणखी एक वैद्यकीय व्यावसायिक स्वतःच हे औषध घेत होता. त्याने आपल्या डोसाचा युनिटमधला हिशेब नव्याने मांडला आणि ठरवल्याच्या दहापट टोचून घेतलं. दहापट म्हणजे अडीच मिलिग्रॅम धरा. वेगोव्हीच्या पद्धतीने २.४ वर पोचायला दर चार आठवड्यांनी एक पायरी चढत चार महिने लागतात. तुम्ही मुंबई-पुणे मार्गावर घाट टाळून थेट खंडाळ्यात उतरलात, एवढंच.

पुढचा कार्यक्रम मात्र निवांत चालतो. शरीरातलं निम्मं सेमाग्लुटाईड जायलाच सुमारे आठवडा लागतो आणि त्यावर उतारा नाही. उलट्या, पोटात मुरडा, घोटभर पाणीही ठरत नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. स्वादुपिंडाला सूज आली तर हॉस्पिटलचं बिलही येईल, आणि ते कंपाउंड केलेलं नसेल. पण वजन उतरतं का विचाराल, तर उतरतं. झपाट्याने.

काही रडके लोक अशा वेळी २०१२ सालचं उकरून काढतात. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर नावाची फार्मसी होती. पाठदुखीसाठी मणक्यात द्यायची तिची स्टेरॉइडची इंजेक्शनं देशभर जायची. त्यांत बुरशी निघाली. साडेसातशेहून जास्त लोकांना संसर्ग झाला, साठाहून जास्त मेले. कायद्याने प्रत्येक कुपी एका ठरावीक रुग्णाच्या नावाने बनायला हवी होती, म्हणून कागदोपत्री खोटी नावं घालून माल ठोकमध्ये पाठवला जात होता, हे खटल्यात बाहेर आलं. त्यानंतर २०१३ मध्ये नवा कायदा झाला. मोठ्या प्रमाणात बनवणाऱ्यांसाठी नोंदणी आणि तपासणीची वेगळी वर्गवारी आली. छोट्या फार्मस्या राज्यांच्या देखरेखीखाली राहिल्या. पण एक गोष्ट दोन्हीकडे तशीच आहे: कंपाउंड केलेलं औषध विक्रीला येण्याआधी एफडीए ते सुरक्षित आहे का, गुणकारी आहे का, हे तपासत नाही. जाहिरातीतल्या पांढऱ्या कोटातल्या बाईच्या हसण्याकडे बघून हे अजिबात वाटत नाही, तेव्हा तिच्याचकडे बघत राहा.

एवढ्यानेही तुमचं भागत नसेल, तर पुढची इयत्ता आहे. वेबसाइटवर भुकटीच्या कुप्या मिळतात, त्यावर लिहिलेलं असतं, ‘फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही’. पाणी वेगळं मागवायचं आणि घरीच कालवायचं. अजून चाचण्यांमधूनच चाललेलं रेटाट्रुटाईड हे वजनाचं औषधही तिथे मिळू लागलं, ते कंपाउंड करायलाही परवानगी नसताना. उंदराला जे मिळतं ते आपल्याला का नको? फरक एवढाच की प्रयोगशाळेतल्या उंदराचं वजन कुणीतरी रोज लिहून ठेवतं.

तुमचं कुणी लिहून ठेवणार नाही. छोट्या फार्मस्यांवर एफडीएला दुष्परिणाम कळवायचं बंधन नाही. तरीही जुलै २०२५ अखेरपर्यंत कंपाउंड केलेल्या सेमाग्लुटाईडबद्दल सहाशेवर आणि त्याच जातीच्या टिरझेपटाईडबद्दल पाचशेवर तक्रारी तिच्याकडे पोचल्या, त्या कुणीतरी आपणहून कळवल्या म्हणून. असं वागून आकडे फुगवू नका. डिसेंबरात पुण्याला गेलात आणि मावशीने गालाकडे बघून ‘अगं, शुगर निघाली की काय?’ असं विचारलं, तर ‘रोज चालते’ म्हणा.

आणि समजा, रात्री इमर्जन्सीत जायची वेळ आलीच, तर तिथला डॉक्टर पहिलं विचारेल, किती मिलिग्रॅम घेतलं? तुम्ही सांगाल, पंचवीसच्या रेघेपर्यंत. तो विचारेल, कुपी कितीची होती? म्हणून कुपी बरोबर न्या, पुसट लेबलसकट. त्याआधी पॉयझन कंट्रोलला, म्हणजे अमेरिकेतल्या विषबाधेच्या मदतवाहिनीला, १-८००-२२२-१२२२ वर फोन लावा. तो चोवीस तास चालतो आणि फुकट आहे.