पुरावा मागितला की पारा चढतो

‘एरिया२’ या डाउनलोड प्रोग्रॅममध्ये फाइलचे तुकडे एकाच वेळी उतरवून घेण्यासाठी एका सर्व्हरशी जास्तीत जास्त १६ कनेक्शन ठेवता येतात, आणि ही मर्यादा ६४ करा, अशी मागणी घेऊन अधूनमधून कोणीतरी येतोच. मागणीला हरकत नाही; पण कोणती फाइल, कोणता सर्व्हर, १६ कनेक्शनवर वेग किती मिळाला आणि एकावर किती, यातले काहीही न देता ‘सगळ्यांनाच हवे आहे’ एवढेच ठोकून द्यायचे, हे कुठवर ऐकून घ्यायचे? सर्व्हर मुळात ‘रेंज’ विनंती, म्हणजे फाइलचा ठरावीक तुकडाच मागणारी विनंती, मानत नसेल, म्हणजे २०६ (‘हा घ्या तुकडा’) या सांकेतिक उत्तराऐवजी २०० हे उत्तर देऊन अख्खी फाइलच पाठवत असेल, तर तिचे तुकडे करून काही उपयोग नाही, मग कनेक्शन सोळा ठेवा नाहीतर चौसष्ट. हे लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदींच्या, चार ओळींत दिसते. त्या ओळी मागितल्या की मात्र साहेबांचा पारा चढतो, ‘तुम्हाला सुधारणाच नको आहे’ असे वर ऐकवले जाते, आणि फारच आग्रह धरला तर स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका, धूसर फोटो येतो, ज्यात सर्व्हरचे नाव नेमके कापलेले असते. प्रोग्रॅम फुकट मिळतो, तरी थाट मात्र आगाऊ पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाचा!