मेमो निघण्याआधी चौकशीचं नाटक करून पाहा

रुग्णालयात चूक झाली की पहिला कागद निघतो तो मेमोचा, तोही ड्यूटीवरच्या सिस्टरच्या नावे. म्हणून माझं मत असं, की प्रशिक्षणात अपघाताचं नाटक बसवण्यापेक्षा नंतरच्या चौकशीचं बसवा. पुतळ्यावर सीपीआर सगळेच शिकतात. चौकशीत प्रश्न कसे विचारायचे, हे शिकवायचं मात्र राहून जातं.

प्रसंग रोजचा घ्या. रात्रीचे 3. आयव्ही लाइन, म्हणजे शिरेत लावलेली नळी, फ्लश करताना (धुऊन मोकळी करताना) नॉर्मल सलाइनऐवजी पोटॅशियम क्लोराइडचं 10 मिलीचं अँप्युल थेट शिरेतून गेलं. 15 टक्क्यांच्या त्या अँप्युलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. पातळ करून सावकाश द्यायचं ते एकदम गेलं, तर हृदय थांबतं.

सात जण, सात कार्डं. दोघांची चौकशी समिती. बाकी पाच जणांकडे प्रत्येकी एकच तुकडा. सिस्टरकडे त्या रात्री दोन वॉर्ड होते. फार्मासिस्टला माहीत आहे, की कंपनी बदलल्यापासून दोन्ही अँप्युल सारखीच दिसतात. स्टोअरकीपरकडे लेबलांचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पडून आहे. रेसिडेंट डॉक्टरने हाच घोटाळा एकदा होता होता वाचवला होता, पण नोंद केली नाही. वॉर्डातल्या मदतनीस मावशीला ठाऊक आहे, की ट्रॉलीवरची ट्यूबलाइट चार दिवस बंद होती. अट एकच: विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही.

वेळ 30 मिनिटं. बहुतेकदा समिती विचारते, "लेबल वाचलं होतं का?" सिस्टर म्हणते, "नाही." संपली चौकशी! मावशीकडे कुणी वळूनही पाहत नाही.

भूमिका उलट्या द्या. मेट्रनला (सिस्टर्सच्या प्रमुखाला) मावशी करा, सर्जनला सिस्टर. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, स्वतःच्याच खुर्चीत बसले तर बाकीचे तोंड उघडत नाहीत. असा प्रसंग नुकताच ज्याच्यावर गुदरलाय, त्याला सिस्टरचं कार्ड अजिबात देऊ नका. आणि खेळ संपला की कार्डं परत घ्या. भूमिका तिथेच उतरली पाहिजे.

नंतरच्या चर्चेला किमान 45 मिनिटं हवीत. जेवणाची वेळ झाली की कात्री हिच्यावरच चालते, आणि खरं शिकणं तर इथेच असतं. समितीची शिफारस हमखास "लेबल नीट वाचावे" अशी येते. ती खोडा आणि विचारा, पुन्हा रात्रीचे 3, पुन्हा दोन वॉर्ड, तेव्हा हे परिपत्रक काय करणार? त्यापेक्षा तीव्र पोटॅशियम वॉर्डातून हलवा, पातळ केलेलं फार्मसीतून येऊ द्या. विंक्रिस्टीन हे शिरेतून द्यायचं कॅन्सरचं औषध चुकून पाठीच्या कण्यात दिल्याने माणसं दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये हाच मार्ग सुचवला: सिरिंज नको, छोट्या पिशवीतून द्या. स्पायनल सुईला पिशवी लावायला कुणी सहजासहजी जात नाही.

मग नवी समिती बसवून तीच कार्डं पुन्हा वाटा. मावशीला पहिला प्रश्न कितव्या मिनिटाला जातो, तेवढं घड्याळ लावून लिहून ठेवा.