माफिया टू रिकामा आहे म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

व्हिडिओ गेम्सचा सेल लागला रे लागला की माफिया टू या गेमबद्दल तो एक मेसेज फिरायला लागतो. यावेळी मला नेरूळच्या मित्राकडून आला, ठाण्याच्या चुलतभावाकडून आला आणि ऑफिसच्या ग्रुपवर पण आला, सगळीकडे तोच मजकूर. थोडक्यात असा: "माफिया टू घेऊ नका. ओपन वर्ल्ड म्हणून विकलाय पण शहर रिकामं, करायला काही नाही. अर्धा वेळ नुसती गाडी चालवा. स्पीडिंगला पण पोलीस पकडतात, डोक्याला शॉट. कमावलेलं गेमच काढून घेतो. दहा तासांत खेळ खल्लास, शेवट अर्धवट. जीटीएची फसलेली कॉपी."

आता हे लिहिणाऱ्याने गेम खेळलाच नाही असं मी म्हणणार नाही, खेळलाय, पण जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो, ओपन वर्ल्डचा, म्हणजे शहरात हवं तिथे फिरून हवं ते करायचा गेम) समजून खेळलाय आणि सगळी बोंब तिथेच आहे. (पुढे स्पॉयलर आहेत, २०१० चा गेम आहे, आता रडू नका.)

कॉपीचं आधी निपटवून टाकतो कारण त्यात दम नाहीये. पहिला माफिया पीसीवर आला ऑगस्ट २००२ ला, जीटीएची व्हाइस सिटी आली त्याच वर्षी ऑक्टोबरला, म्हणजे कोणी कोणाचं बघून केलं म्हणायला पण जागा नाही. जीटीए थ्री २००१ ची, ती आधीची, मान्य. पण गाडी पळवता येते आणि हातात बंदूक आहे एवढ्यावर कॉपी ठरत असेल तर मग काय बोलणार. चेक रिपब्लिकमधल्या ब्रनो शहरातली इल्युजन सॉफ्टवर्क्स ही कंपनी, पुढे टेक-टू या अमेरिकन कंपनीने घेतली आणि तिचं टूके चेक झालं, यांना पहिल्यापासून गोष्ट सांगायची होती आणि शहर त्या गोष्टीसाठी बांधलेलं होतं. जीटीए काढणारी रॉकस्टार आधी शहर बांधते आणि मग त्यात गोष्टी पेरते. दोन वेगळे धंदे आहेत हे.

आता मुख्य आरोप, शहर रिकामं. यावर मी जरा वेळ घेणार आहे.

तिसरा चॅप्टर आठवा. गेमचा नायक व्हिटो स्कालेटा युद्धावरून परत आलाय, १९४५ चा हिवाळा, एम्पायर बे या गेममधल्या शहरात बर्फ पडतोय, बाप मेलाय आणि मागे दोन हजार डॉलरचं कर्ज ठेवून गेलाय. आई म्हणते गोदीत जा, डेरेककडे, तुझ्या बाबांनी तिथेच काम केलं, प्रामाणिकपणे कमव. तुम्ही जाता आणि तुम्हाला काम मिळतं पेट्या उचलायचं. म्हणजे खरंच उचलायचं हां, पेटी उचला, हळूहळू चालत ट्रकपर्यंत जा, ठेवा, परत या, दुसरी उचला. ना म्युझिक, ना टायमर, ना कुठला बार भरतोय. सगळा दिवस राबून मिळणार दहा डॉलर. थोड्या पेट्या झाल्या की कोणीही वैतागतो आणि गेम तुम्हाला वैतागू देतो, तुम्ही चालू पडता. आणि डेरेक काय म्हणतो, अंगमेहनत नको का, बरं, मग दुसरं काम आहे, गोदीतल्या कामगारांकडून वसुली करून आण. कसली वसुली? न्हाव्याची! कटिंगच्या नावाखाली प्रत्येकाच्या पगारातून कापायचे. एक जण नडतो, त्याला तुम्ही धोपटता, आणि पैसे आणून देता.

मेसेजवाल्याच्या हिशोबाने इथे "करायला काही नाही". अहो तुम्ही आत्ताच पेट्या उचलणाऱ्यांतून उठून पेट्या उचलणाऱ्यांच्या खिशात हात घालणारे झालात, आणि ते तुम्ही स्वतः बटण दाबून झालात कारण तुम्हाला कंटाळा आला. कटसीनने, म्हणजे मधे लागणाऱ्या फिल्मने, नाही केलं ते. कोपरखैरण्यातला माझा एक मित्र आहे, त्याचे वडील एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, तो हा भाग खेळताना पेट्या ठेवतच राहिला, मी म्हटलं अरे सोड ना निघून जायचं असतं तर म्हणाला थांब, आणि मग स्क्रीनकडे बघतच म्हणाला की मुकादम बरोबर असाच उभा असतो, हात खिशात घालून. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ साली आला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभारलेली चळवळ होती, त्याआधी हमालाची मजुरी ठरवणारा कोणी आणि त्यातून कापून घेणारे कितीतरी. नवी मुंबईत अर्ध्या घरांना हे सांगावं लागत नाही. त्यामुळे तो सीन "बोअरिंग मिशन" म्हणून सोडून देणारे आपल्याच इथले असले की मला जरा आश्चर्य वाटतं.

आणि ही गोदी परत येते. चौदाव्या चॅप्टरला. व्हिटो आणि त्याचा जिगरी दोस्त जो बार्बारो पुन्हा कर्जात बुडालेत, यावेळी रक्कम भलतीच मोठी, आणि गेम पहिल्यांदा म्हणतो की आण बाबा कुठूनही. दुकानं लुटा, गाड्या पळवून विका, जे जमेल ते. म्हणजे तुमचं ते लाडकं ओपन वर्ल्ड जे इतका वेळ "रिकामं" होतं ते बरोबर त्या वेळी कामाला येतं जेव्हा तुमच्या मानेवर सुरी आहे. पैशासाठीच तुम्ही परत डेरेककडे जाता, त्याच्याकडे कामगारांनी गोंधळ घातलाय, आणि तिथे त्या कामगारांकडूनच कळतं की व्हिटोच्या बापाला डेरेकनेच संपवलं होतं. ज्या माणसासाठी तुम्ही तिसऱ्या चॅप्टरला वसुली केलीत तोच! हे जर एखाद्याला रिकामं वाटत असेल तर त्याला मॅपवर आयकॉन पाहिजेत, गोष्ट नको, आणि त्यात वाईट काही नाही पण मग तसं सांगा ना.

शिवाय शहर बदलतं, ते कोणी बोलतच नाही. रेशनच्या कूपनांच्या चोरीत व्हिटोला दहा वर्षांची शिक्षा होते, आत असताना आई जाते, आणि आत भेटलेल्या लिओ गलांते या जुन्या माफियावाल्याच्या ओळखीने तो १९५१ ला लवकर सुटतो. बाहेर येतो तर बर्फ गायब, कपडे वेगळे, रेडिओ वेगळा, ४५ मधल्या त्या खटारा गाड्या ज्या बर्फावर नुसत्या घसरायच्या त्यांच्या जागी लांबलचक चकाचक गाड्या, सरळ पळतात. तोच रस्ता, तेच वळण, तुमच्या हाताला कळतं की सहा वर्षं गेली. आता नीट बघणाऱ्याला यात चूक पण सापडेल, रेडिओवर १९५१ ला वाजणारी बरीच गाणी खरं म्हणजे १९५१ नंतरची आहेत, याच्यावर मेसेजवाल्याने ओरडायला पाहिजे होतं, पण ते त्याला दिसलं नाही, त्याला दिसला पोलीस.

तर पोलीस. स्पीडिंगला पकडतात, हो, पकडतात, आणि गेममध्ये स्पीड लिमिटर दिलाय, एक बटण दाबायचं आणि गाडी मर्यादेत राहते. पामबीच रोडला दर महिन्याला ई-चलन भरणारी माणसं गेममध्ये दंड झाला की "अनरिअलिस्टिक" म्हणतात, कमाल आहे.

पण गंमत दंडात नाहीये, गंमत पोलीस तुम्हाला कशावरून ओळखतात त्यात आहे. बाकी बऱ्याच गेममध्ये पोलीस मागे लागले की स्क्रीनवर स्टार चढतात, तुम्ही पळता, लपता, स्टार उतरतात, विसरले सगळे. इथे पोलिसांकडे दोन वेगवेगळ्या नोंदी असतात, एक तुमच्या अंगावरच्या कपड्यांची आणि एक गाडीच्या नंबर प्लेटची. गाडी ओळखली गेली असेल तर गाडी सोडून शांतपणे चालत निघालात तर चालतं, किंवा गॅरेजला जाऊन प्लेट बदलून घ्यायची. तुम्ही ओळखले गेलात तर कपड्याच्या दुकानात शिरायचं, दुसरा सूट घालून बाहेर यायचं. आणि तेही नको असेल तर फोन बूथवरून फोन लावून पैसे चारायचे, मिटवून टाकायचं. गाडी चोरताना पण तेच, काच फोडली तर झटकन होतं पण आवाज होतो, कुलूप तारेने उघडायचं तर आवाज नाही पण तेवढा वेळ तुम्ही दाराशी वाकून उभे आणि मागून पोलीस येत असेल तर मेलात. हे सगळं "डोक्याला शॉट" तेव्हाच वाटतं जेव्हा तुम्हाला फक्त ठोकत सुटायचंय.

अर्धा वेळ गाडी चालवण्याचा मुद्दा, हा अर्धा खरा आहे. सकाळ होते, फोन वाजतो, खाली उतरा, शहराच्या त्या टोकाला जा, काम करा, परत घरी या, झोपा. बरेच चॅप्टर असेच आहेत आणि सलग खेळलं तर जाणवतं. माझं म्हणणं एवढंच की त्या ड्राइव्हमध्ये जो बार्बारो बाजूला बसून बडबडत असतो ते ऐका, अर्धी मैत्री तिथे झालीये, आणि दोघांची ती मैत्री तयार झाली नसेल तर शेवट तुमच्यावर काही परिणाम करणार नाही. रोज दोन तास ट्रान्स-हार्बरला लटकून ठाण्याहून वाशीला येणाऱ्याला प्रवास म्हणजे वाया गेलेला वेळ वाटणं साहजिक आहे, त्यामुळे यावर जास्त भांडत नाही.

कमावलेलं काढून घेतात, हा आरोप वाचून मला हसू आलं कारण ते खरं आहे आणि तीच तर गोष्ट आहे. जेलमध्ये गेलात, आधीचं सगळं गेलं. बाहेर आलात, परत जमवलं, स्वतःचं घर झालं, गॅरेज झालं, कपाटात सूट लटकले, आणि एका रात्री आयरिश टोळीवाले घराला आग लावतात आणि व्हिटो अंगावरच्या बनियनवर बाहेर पळतो. कपडे, गाड्या, पैसे सगळं खाक. मधे आठव्या चॅप्टरला सिगारेटी विकायचं काम असतं, ट्रकच्या मागे उभं राहून गिऱ्हाईक लाल मागतोय का निळी मागतोय बघून पाकिटं द्यायची, अगदी टपरीवाल्यासारखं, आणि तो ट्रक पण जळतो आणि भरपाई तुमच्याच डोक्यावर. पेट्या उचलायच्या नव्हत्या म्हणून या धंद्यात आलेला माणूस, त्याच्या हातात काही टिकतच नाही. बंगला घेतला, नाइटक्लब घेतला, पैसे येत राहतायत, असा गेम पाहिजे असेल तर ती व्हाइस सिटी आहे, तीही मस्त आहे, ती खेळा.

दहा तास. हो, दहा-बारा तासांत गोष्ट संपते. तिसऱ्या भागात काय झालं बघितलं ना, २०१६ चा माफिया थ्री, वेगळी टीम, शहर कामांनी गच्च भरलं, एक एरिया घ्या, तीच दोन-चार कामं करा, बॉसला उडवा, पुढचा एरिया, परत तेच. आणि तेव्हा हेच लोक ओरडत होते की रिपीट होतंय. रिकामं पण नको आणि भरलेलं पण नको! कंपनीने २०२५ ला काढलेला द ओल्ड कंट्री तर सरळ गोष्टीवरच परत आला, सिसिलीत, म्हणजे त्यांना तरी कळलं असावं की या मालिकेकडे लोक कशासाठी येतात.

आणि शहरात फिरून हाणामारीच करायची असेल तर जिमी या वेगळ्याच पात्राचे दोन डीएलसी (गेमला जोडून वेगळे काढलेले भाग) आहेत की, टायमर लावून मिशन, पॉइंट, सगळं अगदी आर्केड स्टाइल. ते खेळून बघा आणि मला सांगा मूळ गोष्टीपेक्षा भारी आहेत का. मला तर तासाभरात पुरे झालं.

शेवट अर्धवट म्हणणाऱ्यांना काय सांगू. कार्लो फाल्कोने हा बॉस मेला, व्हिटो लिओच्या गाडीत, जो बार्बारो मागच्या गाडीत, आणि मधेच ती मागची गाडी दुसऱ्या रस्त्याला वळते. व्हिटो विचारतो, तर लिओ म्हणतो जो आपल्या सौद्यात नव्हता. संपलं. यात अर्धवट काय आहे? व्हिटोचा जीव वाचला तो कशाच्या बदल्यात वाचला ते त्याला आणि तुम्हाला एकाच वेळी कळलं. व्हिटो पुढे जगतो, तिसऱ्या भागात म्हातारा होऊन भेटतो. तुम्हाला त्या गाडीचा पाठलाग करून जोला सोडवायचं शेवटचं मिशन पाहिजे होतं, ते नाही मिळालं, म्हणून चिडचिड.

मेसेजमध्ये जी तक्रार असायला पाहिजे होती ती नेमकी नाहीये. पहिल्या माफियात फ्री राइड होती, गोष्ट बाजूला ठेवून निवांत शहरात फिरायचं, दुसऱ्यात ती उडवली. क्रेडिट संपले की मेनूवर, फिरायचं असेल तर जुना चॅप्टर लावा. एवढं सुंदर शहर बांधून हे करणं हा शुद्ध करंटेपणा आहे आणि यावर मी मेसेजवाल्याच्या बाजूने भांडायला तयार आहे. सेव्ह पण हवं तिथे करता येत नाही, चेकपॉइंट येईपर्यंत बसा.

घ्यायचाच असेल तर डेफिनिटिव्ह एडिशन मिळते, २०२० ची, डीएलसी सगळे त्यातच आहेत, वेगळे घेत बसू नका. सेलमध्येच घ्या, पूर्ण किमतीला मी पण सांगणार नाही. आणि तो मेसेज मला परत पाठवू नका, निदान पेट्या उचलून झाल्याशिवाय तरी.