खाड्याचा हिशोब: केजच्या वाचकदादांना उत्तर

नमस्कार दादा,

ऑस्ट्रेलियात 2027 साली होणाऱ्या रग्बीच्या, म्हणजे अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, विश्वचषकावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मग झोडपलात. दोन्हीबद्दल आभार. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो: "सर, अंबाजोगाईत बसून हे साहेबाचं अंडं बळंच कशाला कुरवाळता? सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा आमची अर्धी वाडी कोयत्यावर गेलेली असते. ते शाळकरी पोरगं चेंडू उचलून पळालं ही भाकडकथा. आणि मंडेलांनी जर्सी घातली म्हणून कुणाची चूल पेटली?"

भाकडकथेत तुम्ही मला चितपट केलंत. विल्यम वेब एलिसनं 1823 मध्ये इंग्लंडातल्या रग्बी नावाच्या शाळेच्या मैदानावर चेंडू हातात घेऊन धूम ठोकली, असं मी बेधडक लिहून टाकलं होतं. ही गोष्ट छापून आली ती 1876 मध्ये, एलिस वारल्यावर चार वर्षांनी. लिहिणाऱ्या मॅथ्यू ब्लॉक्सम यांनी तो प्रसंग स्वतः पाहिला नव्हता. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी 1895 मध्ये चौकशी बसवली, तर डोळ्यांनी पाहिलेला एकही माणूस मिळाला नाही. तरी 1900 मध्ये शाळेत शिळा बसली, आणि विश्वचषकाला आज नाव आहे ते एलिसचंच. प्रत्येक गावाची आपल्या नावामागची एक गोष्ट असते आणि ती मोडायला कुणी धजत नाही, तसंच हे.

पण त्या चौकशीचं साल बघा. 1895. हा खेळ आमच्या शाळेतून निघाला हे बड्या घरच्या माजी विद्यार्थ्यांना नेमकं तेव्हाच का सिद्ध करावंसं वाटलं? कारण त्याच वर्षी मजूर खेळाडूंचे क्लब त्यांच्या हातून निघून चालले होते. माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतं, आणि तुमच्या 'साहेबाच्या खेळा'ला खरं उत्तरही इथेच आहे.

उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायर-लँकेशायरकडे, रग्बी खेळणारी बरीच पोरं कोळशाच्या खाणीत नाहीतर कापडगिरणीत कामाला होती. सामना शनिवारी. त्यासाठी काम सोडून गेलं की मजुरी कापली जायची. मागणी एवढीच होती की बुडालेली मजुरी क्लबनं भरून द्यावी. बक्षीस नको, पगार नको. तिकडे त्याला 'ब्रोकन टाइम' म्हणत. तुम्हाला नि मला त्याचं भाषांतर लागत नाही: खाडा. टोळीत एक दिवस आजारी पडलं तर मुकादम उचलीतून वळते करतो तोच.

1893 मध्ये रग्बी युनियन या खेळाच्या संघटनेच्या लंडनच्या सभेत हा प्रस्ताव 282 विरुद्ध 136 मतांनी पडला. ज्यांना कधी खाडाच पडत नव्हता त्यांनी ठरवलं की खेळ निव्वळ हौसेचाच राहिला पाहिजे. मग 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातूनच पुढे तेरा खेळाडूंची रग्बी लीग झाली. तिकडे जो खेळला त्याला पंधरा खेळाडूंच्या मूळ रग्बीनं, म्हणजे युनियननं, कायमचं वाळीत टाकलं. साहेबाचा खेळ म्हणालात ते अर्धं खरं आहे. साहेबानं तो मजुरापासून राखून ठेवायचा पुरेपूर प्रयत्न केला.

माझा चुलता मोंढ्यात हमाली करायचा आणि कबड्डीत कोपरा धरायचा. एकदा परभणीकडे सामन्याला गेला, तीन दिवसांची हजेरी बुडाली. येताना ॲल्युमिनियमचा कप आणला. काकूनं त्यात मिरच्या ठेवल्या. हडर्सफील्डचं वाचताना मला तो कप आठवला, म्हणून तर मी या खेळाच्या नादी लागलो.

विश्वचषकाचा इतिहासही याच भांडणातून जातो. स्पर्धा सुरू करायचं घाटत होतं तेव्हा स्कॉटलंड आणि आयर्लंडचा विरोध होता. स्पर्धा आली की पैसा येणार, पैसा आला की हौस जाणार, ही भीती. तरी 1987 मध्ये न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात 16 संघांचा पहिला विश्वचषक झाला. ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडनं फ्रान्सला 29-9 असं हरवलं. भीती खरी ठरायला आठ वर्षं लागली: ऑगस्ट 1995 मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनियननं खेळाडूला पैसे घ्यायची मोकळीक दिली. हडर्सफील्डला शंभर वर्षं व्हायला तेव्हा जेमतेम दोन-चार दिवस उरले होते.

त्या बैठकीच्या दोन महिने आधी, 24 जूनला, जोहान्सबर्गमध्ये त्या वर्षीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष मंडेला आपल्या संघाचा कर्णधार पिएनारच्या 6 क्रमांकाची जर्सी घालून मैदानात आले. वर्णभेदापायी दक्षिण आफ्रिका पहिल्या दोन विश्वचषकांबाहेर होती. इथे तिनं न्यूझीलंडला जादा वेळेत 15-12 असं हरवलं. चूल पेटली का? नाही. मी ते फार साखर घालून लिहिलं, हे कबूल. त्या विजेत्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच, चेस्टर विल्यम्स. झ्वाइड वस्तीतल्या सिया कोलिसीनं कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून कप उचलायला 2019 उजाडलं. लहानपणी निवड चाचणीला खेळायची चड्डी नव्हती म्हणून हा पोरगा आतल्या चड्डीवर उतरला होता. 2023 मध्ये त्यानंच पुन्हा कप घेतला, न्यूझीलंडला 12-11 असं एका गुणानं हरवून. आफ्रिकेचे चार झाले, इतक्या वेळा दुसरं कुणी जिंकलेलं नाही.

आता 2027. 1 ऑक्टोबर ते 13 नोव्हेंबर, सात शहरं, अंतिम सामना सिडनीत. संघ 20 वरून 24 झालेत, आणि हाँगकाँग पहिल्यांदाच येतोय. मला ही वाढ आवडली, जरी सुरुवातीचे काही सामने एकतर्फी होणार हे दिसतंय. फिजी, टोंगा, सामोआकडे बघा. यांची तगडी पोरं कमवायला फ्रान्स-न्यूझीलंडच्या क्लबांत जातात, आपली पुण्याला जातात तशी. खाड्याचे पैसे मिळायला लागल्यावर आलेलं हे नवं दुखणं. सिडनीचा रात्री आठचा सामना आपल्याकडे दुपारी अडीचला लागतो. त्या वेळेला तुमची वाडी फडात असणार, ही तुमची गोष्ट मला खोडता येत नाही.

'आपला काय संबंध' असंही तुम्ही विचारलंत. संबंध जरा विचित्र आहे. कलकत्त्यात 1873 मध्ये साहेबांनी रग्बीचा क्लब काढला. फुकटची दारू बंद झाली, पलटण हलली, सभासद गळाले. 1878 मध्ये क्लब मोडताना बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि इथल्याच कारागिरांकडून कप करून घेतला. तीन नागांचे कान, झाकणावर हत्ती. 1879 पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्यासाठी खेळतात. यात अभिमान धरण्यासारखं मला काही दिसत नाही, पण कारागिरी पाहण्यासारखी आहे.

तुम्ही लिहिलंय की टोळ्या परतल्यावर तुमच्या वाडीच्या जत्रेत कबड्डीचे सामने भरतात. बाहेरगावच्या संघाला जेवण आणि गाडीभाडं मिळतं, हे मला ठाऊक आहे. पण रोजंदारीवरच्या पोराचा खाडा कुणी भरून देतं का? देत असतील तर किती, ते कळवा. पुढचा लेख त्यावरच लिहितो, आणि तो लिहायला वाडीवर येतो.