टॉर्च, ९६०० डीपीआय आणि रद्दीत निघालेल्या निगेटिव्ह

‘स्कॅनर सगळे सारखेच. प्रिंटरच्या काचेवर निगेटिव्ह ठेवा, वर मोबाइलचा टॉर्च धरा, ९६०० डीपीआय (दर इंचाला ९६०० ठिपके) निवडा आणि मग निगेटिव्ह फेकून द्या.’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर येऊन पोचला, आणि लगेच कुणी पाकिटं रद्दीत काढलीसुद्धा. जरा थांबा!

आधी टॉर्चचं बघू. प्रिंटरमधल्या स्कॅनरची पट्टी सरकताना स्वतःचाच उजेड खालून पाडते. त्यावर टॉर्च धरला की मधोमध भगभगीत ठिपका येतो आणि कडा काळवंडतात. शिवाय या स्वस्त पट्टीला (सीआयएस) काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. निगेटिव्ह वळलेली असते, त्यामुळे कोपरे पुसट येतात. दाबून सपाट केली तर काच आणि फिल्मच्या मधे रंगीत वलयं उमटतात. म्हणून तर फिल्मसाठीच्या फ्लॅटबेडच्या (सपाट काचेच्या स्कॅनरच्या) झाकणात वेगळा दिवा असतो, फिल्म काचेपासून किंचित वर होल्डरमध्ये बसते आणि आत लेन्ससह सीसीडी हा प्रकाश टिपणारा सेन्सर असतो.

आता ९६००. बहुतेक वेळा हा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. खोक्यावरच्या ‘ऑप्टिकल’ (म्हणजे यंत्र खरोखर टिपतं म्हणे त्या) आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. फिल्मस्कॅनर डॉट इन्फो या जर्मन संकेतस्थळाने बारीक होत जाणाऱ्या रेषांची चाचणीपट्टी स्कॅन करून मोजमापं घेतली आहेत: एप्सन व्ही७०० चा दावा ६४००, प्रत्यक्षात सुमारे २३००. निकॉन कूलस्कॅन ५००० चा दावा ४०००, मिळाले जवळपास ३९००. म्हणजे ३५ मिमीच्या एका फ्रेमची ६४०० ला ५५ मेगापिक्सेलची फाइल बनते, रंगांची बारीक नोंद ठेवणाऱ्या ४८ बिटला सुमारे ३३० एमबी, पण तिच्यात तपशील जेमतेम ७ मेगापिक्सेलचा. म्हणे सगळे सारखेच!

‘आयसीई धूळ आपोआप काढतं’, हेही त्या मेसेजात आहेच. आयसीई म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती चित्रातून पुसणारी स्कॅनरमधली सोय. रंगीत निगेटिव्हला खरं आहे. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसतं. तिथे आयसीई बंदच ठेवा.

मेसेज ड्रम स्कॅनरला ‘महागडा फ्लॅटबेड’ म्हणतो, पण तो तसा नव्हे. त्यात फिल्म द्रव लावून फिरत्या नळकांड्यावर चिकटवतात आणि फोटोमल्टिप्लायर ही अगदी मंद उजेडही टिपणारी नळी ती बिंदूबिंदूने वाचते.

कागदी फोटोंना घरचा प्रिंटर पुरतो, एवढं मान्य. ४ × ६ इंची प्रिंटला ६०० डीपीआय भरपूर झाले. आणि कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपता येते, हेही खरं. फुल फ्रेम २४ मेगापिक्सेलवर १:१ मॅक्रो लेन्सने (जी फिल्म सेन्सरवर मूळ आकारात उतरवते) ४२०० डीपीआयच्या आसपास पोचता येतं. पण लाइट पॅनेल ९५ च्या वर सीआरआयचं (म्हणजे रंग खरे दाखवणाऱ्या उजेडाचं) हवं आणि कॅमेरा फिल्मला अगदी समांतर हवा.

राहिलं ‘फेकून द्या’. ८ बिट जेपेगमध्ये आभाळ एकदा पांढरंफटक झालं की त्यातले ढग परत येत नाहीत. निगेटिव्हमध्ये ते असतात, चांगल्या स्कॅनरवर पुन्हा काढता येतात. पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नको. एखादीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल (फिल्म कुजू लागल्याची खूण), तर ती बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि स्कॅनिंगला पहिला नंबर तिचाच लावा.