जोना लोमू म्हणजे नुसतं वजन?

रग्बीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरत येतो. न्यूझीलंडचा जोना लोमू खेळाडू म्हणून बेताचाच. ११८ किलोंचा गडी हौशी पोरांच्या अंगावर सोडला आणि ती पडली, एवढंच. दक्षिण आफ्रिकेपुढे त्याचं काही चाललं नाही, आणि पैसा आल्यावर तो सुस्तावला.

आधी वजनाचं बघू. जून १९९४ मध्ये ख्राइस्टचर्चला तो फ्रान्सविरुद्ध पहिली कसोटी (रग्बीत दोन देशांच्या संघांमधला सामना) खेळला तेव्हा १९ वर्षांचा होता. ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाचा, सर्वांत कमी वयाचा कसोटीपटू. अंगाने तेव्हाही धिप्पाडच, तरी न्यूझीलंड त्या मालिकेतले दोन्ही सामने हरलं आणि लोमू संघाबाहेर गेला. शाळेत तो फॉरवर्ड म्हणून, म्हणजे पुढच्या रेटारेटीच्या फळीत खेळलेला, विंगवर, म्हणजे कडेने पळणाऱ्याच्या जागी, नवखा. कधी कुठे उभं राहायचं, तेच अजून अंगवळणी पडलं नव्हतं. किलोंनीच काम भागत असतं तर तेव्हाच भागलं असतं.

वर्षभराने, १९९५ च्या विश्वचषकात, केपटाउनच्या उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले (ट्राय म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं). इंग्लंडच्या माइक कॅटला तुडवून गेल्याचं दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. पण त्याच धावेत तो आधी त्यांच्याच टोनी अंडरवूडला बाहेरून वळसा घालून सुटला होता, विल कार्लिंगच्या हाताने अडखळूनही सावरला होता. ते सेकंद कापून क्लिप फिरवली की उरतं ते वजनच!

‘हौशी’ म्हणाल, तर रग्बीत अधिकृतपणे पैसा आला ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे त्या विश्वचषकानंतर; तेव्हा त्या स्पर्धेत लोमूही हौशीच. १९९९ च्या विश्वचषकात समोर व्यावसायिक खेळाडू होते. त्याने आठ ट्राय केले. एका विश्वचषकात त्याहून जास्त ट्राय आजवर कोणाचे नाहीत. बरोबरी तेवढी झालीय.

दक्षिण आफ्रिकेचा मुद्दा मात्र खराच. १२ कसोटी, ट्राय शून्य. १९९५ च्या विश्वचषकाच्या जोहान्सबर्गमधल्या अंतिम सामन्यात त्यांनी त्याला पळायला जागाच दिली नाही, श्रेय त्यांचं. पण १५–१२ अशा त्या सामन्यात ट्राय कोणालाच करता आला नाही, हेही लिहा की.

राहिला सुस्तीचा आरोप. तो वाचून संताप येतो. १९९५ संपता संपता लोमूला नेफ्रॉटिक सिंड्रोम असल्याचं निदान झालं. यात मूत्रपिंडाची गाळणी बिघडते, रक्तातली प्रथिनं लघवीतून जातात, अंगाला सूज येते, थकवा पाठ सोडत नाही. म्हणजे ज्याला ‘नुसतं शरीर’ म्हणतात, त्याचं तेच शरीर जवळजवळ अख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत आजारी होतं. उपचारांसाठी मध्ये त्याला खेळ थांबवावा लागला. १९९९ चे ते आठ ट्राय निदानानंतरचे. २००० मध्ये सिडनीला एक लाखाहून अधिक प्रेक्षकांपुढे ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३९–३५ असा विजय मिळवून देणारा शेवटचा ट्रायही निदानानंतरचाच. ६३ कसोटींत ३७ ट्राय झाले. २००२ नंतर कसोटी नाही, २००३ मध्ये आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

२००४ मध्ये रेडिओ निवेदक ग्रँट केरियामा यांनी त्याला मूत्रपिंड दिलं. २००५ च्या डिसेंबरात लोमू वेल्समधल्या कार्डिफच्या संघातून पुन्हा व्यावसायिक रग्बी खेळायला उतरला. जुना वेग राहिला नव्हता, हे कबूल. पण प्रत्यारोपणानंतर पुन्हा टॅकल खायला मैदानात उतरणाऱ्याला सुस्त म्हणायचं, तर मग मेहनती कोणाला म्हणायचं ते तरी त्या मजकुरात घाला.